गिटारचे कॉर्ड दुसऱ्या पट्टीत नेताना: अ‍ॅपचं काम किती आणि आपलं किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुसद तालुक्यातल्या एका गावातले शिक्षक शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि गावच्या भजन मंडळात गिटार वाजवतात. मंडळाची पेटी काळी पाचला लागते आणि इंटरनेटवर मिळालेले कॉर्ड जी मेजरमध्ये आहेत. फोनवरच्या अ‍ॅपने ते काळी पाचला नेले, तर ए शार्प, डी शार्प, एफ, जी मायनर असे कॉर्ड आले. दोन कडव्यांतच हात भरून येतो. त्यात शाळेच्या मुलींना तेच गाणं आणखी वेगळ्या पट्टीत हवं आहे. कोणतं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे हे सुटेल?

गुरुजी, सॉफ्टवेअरची नावं पुढे देतो. पण तुमच्या पहिल्या गाण्याला सॉफ्टवेअर लागतच नाही. तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि इंटरनेटवर दिसलेले जी, सी, डी, ई मायनर जसेच्या तसे धरा. पेटीवर काळी पाच वाजतेय, गिटारमधूनही काळी पाचच ऐकू येईल. अ‍ॅपने दिलेलं उत्तर चूक नव्हतं, फक्त ते कानाला ऐकू येणाऱ्या कॉर्डचं उत्तर होतं. तुम्हाला बोटांनी धरायच्या कॉर्डचं हवं होतं. हे दोन हिशोब वेगळे ठेवले की अर्धी अडचण संपते, म्हणून त्यावरच जरा सविस्तर लिहितो.

आधी अ‍ॅप आत काय करतं ते पाहू. एका सप्तकात बारा सूर. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प आणि पांढरी सात बी. यांना ओळीने ० ते ११ असे आकडे द्या. जी ७ वर, ए शार्प १० वर, फरक ३. आता गाण्यातल्या प्रत्येक कॉर्डच्या मूळ सुरात ३ मिळवायचे आणि बेरीज १२ किंवा त्याहून जास्त झाली तर १२ वजा करायचे. ई मायनरचा ४, त्यात ३ मिळवून ७, म्हणजे जी मायनर. मायनर, सेव्हन्थ, सस फोर ही शेपटं जशीच्या तशी राहतात. जगातलं कुठलंही ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण एवढंच करतं. ही बेरीज ते चुकत नाही, आपण करता करता चुकतो, म्हणून ते कामाचं. पण कोणत्या पट्टीत न्यायचं हे त्याला कळत नाही. ते गाणाऱ्याचा गळा ठरवतो.

मी झाडीपट्टीत नाटकांच्या साथीला बरीच वर्षं बसलोय. दिवाळीनंतर वडसा भागातून कंपन्या निघाल्या की रोज रात्री वेगळं गाव, आणि बरेचदा गाणारा नटही वेगळा. प्रवेशाच्या आधी कोणीतरी येऊन सांगतो, ‘मास्तर, आज घसा बसला न जी, दोन खाली घ्या.’ अशा वेळी मी एकच विचारतो: पेटीची कोणती पट्टी? कारण ‘दोन खाली’ म्हणजे कोणाच्या मनात दोन पांढऱ्या असतात, तर कोणाच्या मनात काळी-पांढरी धरून दोन. अ‍ॅपमधला एक म्हणजे मात्र नेहमी अर्धा सूर, गिटारचा एक पडदा. पट्टीचं नाव कळलं की वजाबाकी करायची, अंदाजाने बटण दाबत बसायचं नाही.

तसाच घोळ कीबोर्डवाल्याशी होतो. त्याच्या वाद्यावरही ट्रान्सपोजचं बटण असतं. तो तीन वर करून सी धरतो आणि तोंडाने ‘सी’ म्हणतो, आवाज मात्र डी शार्पचा येतो. तुम्ही कॅपो तीनवर लावून ‘जी’ म्हणता, आवाज ए शार्पचा येतो. दोघं आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र वाजवलं की भांडण. मंडळात एकच नियम ठेवा: बोलताना फक्त ऐकू येणारी पट्टी बोलायची, तीही पेटीच्या नावाने. तुम्ही कुठला आकार धरता हे तुमच्या कागदावर राहू द्या. माझ्या प्रत्येक गाण्याच्या वर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: ऐकू येणारा सा, कॅपोचा पडदा आणि हाताचा आकार. तुमच्या गाण्याला हे असं होईल: ‘सा काळी पाच, कॅपो ३, हात जी.’

आपल्याकडे पेटी काळीवर लागते आणि गिटारला काळ्या पट्ट्या अवघड जातात. म्हणून काळ्यांचा हिशोब एकदा पाठ करून टाका, मग अ‍ॅप उघडायचीही गरज कमी पडेल. काळी एकला कॅपो पहिल्या पडद्यावर लावून सीचे आकार, नाहीतर चौथ्यावर एचे. काळी दोनला पहिल्यावर डीचे किंवा तिसऱ्यावर सीचे. काळी तीनला दुसऱ्यावर ईचे किंवा चौथ्यावर डीचे. काळी चारला पहिल्यावर जीचे, काळी पाचला तिसऱ्यावर जीचे किंवा पहिल्यावर एचे. गाणं मायनर चालीचं असेल तर काळी पाचला कॅपो एक आणि ए मायनरचा हात, काळी चारला कॅपो चार आणि ई मायनरचा, काळी एकला कॅपो चार आणि ए मायनरचा.

दोन पर्याय असले तर मी खालचा पडदा आधी पाहतो. कॅपो पाचव्याच्या वर गेला की गिटारचा आवाज बारीक होतो, आणि मंडपात टाळ-ढोलकीपुढे तो ऐकूच येत नाही. पण खालच्या पडद्यावर जर एफ किंवा बी मायनर सारखा सारखा येत असेल, तर नवशिक्या हाताला वरचा पडदा बरा. कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, तेव्हा तो लावूनच पुन्हा सूर जुळवायचा.

अ‍ॅपचं काम सुरू होतं ते मूळ कॉर्ड सोयीच्या आकारात नसतात तेव्हा. समजा गाणं डी मध्ये मिळालं, कॉर्ड डी, जी, ए, बी मायनर आणि मंडळाला हवी काळी एक. कॅपो लावून सूर वर जातो, खाली येत नाही. डीवरून काळी एकला यायचं म्हणजे अर्धा सूर उतरायचं. इथे अ‍ॅपला उणे दोन सांगा. सी, एफ, जी, ए मायनर येतील, आणि कॅपो पहिल्यावर लावा. उणे दोन आणि अधिक एक, मिळून उणे एक. एफ जड जात असेल तर अ‍ॅपला उणे पाच सांगा: ए, डी, ई, एफ शार्प मायनर येतील, मग कॅपो चौथ्यावर. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ट्रान्सपोज आणि कॅपो असे दोन वेगळे खाने असतात. त्यातला कॅपोचा खाना कधी कॉर्ड बदलतो, कधी नुसती नोंद ठेवतो. नवीन अ‍ॅप घेतलं की आधी एका जी कॉर्डवर कॅपो ३ टाकून पाहा. जी तसाच राहिला तर ती नोंद आहे. त्याचा ई झाला तर अ‍ॅप तुम्हाला त्या कॅपोवर धरायचा आकार दाखवतंय.

आता मुलींचं. शाळेतल्या दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींचा एकत्र आवाज पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी एक-दोनपर्यंत बरा लागतो. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आणि सगळ्यात खालचा सूर पेटीवर शोधा. तुमचं गाणं खालच्या प पासून तार सा पर्यंत जात असेल आणि सा मधली पांढरी पाच असेल, तर वरचा सूर वरच्या सप्तकातल्या पांढरी पाचवर जातो. तिथे मुली गाणार नाहीत, ओरडतील. सा पांढरी दोनवर आणला की वरचा सूर वरच्या पांढरी दोनवर येतो आणि खालचा प खालच्या सप्तकातल्या पांढरी सहावर. तो थोडा खोल जातो. खालची ओळ ऐकूच आली नाही तर सा काळी दोनवर करा. अ‍ॅपला उणे पाच सांगा, डी, जी, ए, बी मायनर मिळतील. पांढरी दोनला ते असेच, काळी दोनला कॅपो एक लावून. इथे अधिक सात सांगितलं तरी कॉर्ड तेच येतात, कारण कॉर्डच्या नावात सप्तक नसतं. गाणं वर गेलं की खाली हे अ‍ॅप सांगणार नाही, ते पेटीवर वाजवून मुलींच्या तोंडूनच पाहावं लागेल. हे सराव सुरू करण्याआधी करा. पाठ झालेलं गाणं स्टेजवर अचानक दुसऱ्या पट्टीत दिलं की मुलं पहिली ओळ जुन्याच पट्टीत उचलतात.

पट्टी पक्की करायच्या आधी तबलेवाल्याला विचारायचं राहू देऊ नका. खंजिरीला आणि टाळांना पट्टीची पर्वा नसते, पण दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सा ला किंवा प ला लावलेला असतो. काळी एकचा मोठ्या तोंडाचा तबला ठोकून काळी पाचला चढवायचा म्हटलं तर पुडी फाटते, आणि लहान तोंडाचा फार उतरवला तर त्याचा सूरच लागत नाही. गावात बहुधा एकच दायाँ असतो. म्हणून मी पट्टी ठरवताना गळ्यानंतर लगेच तबला पाहतो आणि गिटार सगळ्यात शेवटी. गिटारला बारा वाटा आहेत.

सॉफ्टवेअरकडे येतो. एखाद-दुसरं गाणं असेल तर कॉर्डच्या वेबसाइटवरची अधिक-उणेची बटणं पुरतात. पण तुम्ही वर्षभर वाजवणार असाल तर गाणी कॉर्डप्रो पद्धतीने साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. १९९० च्या दशकापासून चालत आलेली ही पद्धत आहे. त्यात कॉर्ड ओळीच्या वर न लिहिता शब्दाच्या आत चौकोनी कंसात लिहितात. फाइलमध्ये कॉर्डची अक्षरं रोमनच ठेवायची, मी इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहितो:

[जी]आला पाऊस [सी]शिवारात, [डी]भिजली माती [जी]सारी

ही फाइल साँगबुकसारख्या अ‍ॅपमध्ये टाकली की ते कॉर्ड ओळीच्या वर मांडून दाखवतं, पट्टी बदलतं आणि नेट नसलं तरी चालतं. संगणकावर कॉर्डप्रो नावाचाच मोफत प्रोग्राम आहे, तो छापायला सुबक पान काढून देतो. सुरावट नोटेशनमध्ये लिहायची असेल, म्हणजे बासरीवाल्याला किंवा कीबोर्डवाल्याला सूरही द्यायचे असतील, तर म्यूझस्कोअर घ्या. तेही मोफत आहे आणि नोटेशनसोबत वरचे कॉर्डही सरकवतं.

ओळीच्या वर कॉर्ड लिहायची जुनी पद्धत मराठीला त्रासाची आहे. तिथे सगळा भरवसा स्पेसवर असतो, आणि देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. तुमच्या फोनवर ‘शिवारात’च्या बरोबर वर आलेला सी दुसऱ्याच्या फोनवर ‘पाऊस’वर जाऊन बसतो. पट्टी बदलून सीचा सी शार्प झाला की ओळ आणखी ढकलली जाते. कंसाच्या पद्धतीत कॉर्ड अक्षरालाच बांधलेला असतो, तो हलत नाही. फक्त कंस पूर्ण अक्षराच्या आधी टाका. ‘शि’ या अक्षरात श आधी टाइप होतो आणि वेलांटी नंतर. त्यांच्या मधोमध कंस पडला तर वेलांटी अक्षरापासून सुटते आणि ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसते. जोडाक्षराचंही तसंच. छापलेल्या पानावर असा ठिपक्यांचा गोल दिसला की फाँट बिघडला म्हणून शोधत बसू नका, कंस सरकवा.

गाण्याचे शब्द रोमनमध्ये लिहायची सवय असेल तर ती सोडा. ‘ए आई’ हे रोमनमध्ये लिहिलं की पहिलं अक्षर ई कॉर्डसारखं दिसतं, आणि काही साधनं त्यालाही ट्रान्सपोज करून एफ करून टाकतात. देवनागरीत शब्द असले की अ‍ॅपला कॉर्ड कुठला आणि शब्द कुठला हे लगेच कळतं.

आणखी एक: वर्डमध्ये ‘शोधा आणि बदला’ वापरून पट्टी बदलायला जाऊ नका. आधी सीचे सगळे डी केले आणि मग डीचे ई केले, तर नुकतेच झालेले डीसुद्धा ई होतात. मग मूळ गाणं परत मिळत नाही. कॉर्डचं अ‍ॅप सगळे बदल एकदमच करतं, म्हणून त्यात हे होत नाही. ते असो वा नसो, मूळ फाइल कधीच बदलून साठवू नका. बदललेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

अ‍ॅपचा निकाल दोन जागी तपासा. एक, तिरकी रेघ असलेले कॉर्ड. डीखाली एफ शार्पचा खर्ज असेल आणि तीन वर न्यायचं असेल, तर एफखाली ए यायला हवा. काही साधी साधनं पुढचा कॉर्ड बदलतात आणि खर्ज तसाच सोडून देतात, मग ऐकायला घाण लागतं. दोन, शार्प-फ्लॅटची नावं. ए शार्प आणि बी फ्लॅट गिटारवर एकाच जागी आहेत, बोटांना फरक पडत नाही. पण एफ मेजरच्या गाण्यात ए शार्प लिहिलेला पाहून कीबोर्ड शिकलेला मुलगा अडखळतो, तिथे बी फ्लॅटच हवा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये शार्प की फ्लॅट हे सेटिंगमध्ये निवडता येतं.

रेकॉर्डिंग ऐकून आपोआप कॉर्ड काढून देणारी साधनं, उदाहरणार्थ कॉर्डिफाय, मी पहिला अंदाज घ्यायला वापरतो, त्यापुढे नाही. ती साधे मेजर-मायनर बऱ्यापैकी ओळखतात. भजनात पेटी सतत गळ्यामागे चालते, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, असते, ढोलकीचा घुमारा असतो, तिथे ती हमखास गडबडतात. सर्वात मोठा घोळ सा चा. अ‍ॅप म्हणतं गाणं सी मेजर, पेटीवाले काका म्हणतात पांढरी सहा. दोन्हींत सूर तेच सात असतात, पण चाल पांढरी सहावर येऊन विसावते, म्हणजे गाणं ए मायनरचं आहे. पेटीवाल्या काकांचं ऐका. अ‍ॅपचा सी धरून फरक मोजलात तर गाणं भलत्याच पट्टीत जाईल. आणि ट्रान्सपोज करण्याआधी कॉर्ड मूळ पट्टीत रेकॉर्डिंगसोबत एकदा वाजवून पाहा. चुकीचा कॉर्ड बारा पट्ट्यांत नेला तरी चुकीचाच राहतो.

जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलेली असतात, कारण टेपचा वेग कमीजास्त झालेला असतो. गिटार कुठल्याच पडद्यावर जुळत नाही. तिथे ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम घ्या. त्यात पिच बदलण्याचा पर्याय वेगळा आहे आणि स्पीड बदलण्याचा वेगळा. टेपची चूक वेगाची असते, म्हणून ती स्पीडनेच दुरुस्त करा, सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात. मुलींना सरावासाठी गाणं खालच्या पट्टीत करून द्यायचं असेल तर पिच वापरा, लय तशीच राहते.

पेटीसुद्धा तपासा. गिटारचा ट्यूनर पांढरी सहाला ४४० हर्ट्झ धरून चालतो. गावातली जुनी पेटी बहुतेक वेळा तेवढ्यावर नसते. पेटीचा एकच स्टॉप उघडून, भाता एकसारखा ठेवून मधली पांढरी सहा दाबा आणि ट्यूनरवर आकडा पाहा. ४४५ दाखवला तर पेटी साधारण वीस सेंट चढी आहे, आणि शंभर सेंटचा अर्धा सूर होतो. ट्यूनर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ४४० च्या जागी ४४५ टाका आणि गिटार त्यावर लावा. पट्टी बरोबर, कॅपो बरोबर आणि तरी सगळं बेसूर वाटतं, तेव्हा मी पहिल्यांदा हेच पाहतो.

राहिला विजेचा आणि नेटवर्कचा भाग. मंदिरात किंवा शाळेच्या पटांगणात फोनला रेंज असेलच असं नाही, आणि अ‍ॅप उघडायच्या वेळी बॅटरी संपायची. म्हणून कार्यक्रमाआधी त्या दिवशीच्या पट्टीतलं पान काढून कागदावर छापून घ्या. त्याच पानाच्या तळाशी कॉर्ड सरगमात लिहा: जी, सी, डी, ई मायनरच्या जागी सा, म, प, ध मायनर. पेटीवाले काका हे लगेच वाचतात, कीबोर्डवालाही वाचतो, आणि आयत्या वेळी पट्टी बदलली तरी ही ओळ बदलावी लागत नाही. सा कुठे आहे तेवढं विचारायचं, कॅपो लावायचा आणि सुरू करायचं. तुमच्या सातवी-आठवीच्या एखाद्या मुलाला गिटारची आवड असेल तर त्याला सुरुवातच या ओळीपासून करून द्या, कॉर्डची रोमन नावं तो नंतर शिकेल.